जमिनीवर पडलेली, रांगणारी आणि लोळलेली झाडं: कुठला शब्द कुठे वापरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या बागेत मराठी पाट्या लावायचं काम हातात घेतलंय, इंग्रजी पुस्तकात एका झाडाला प्रोस्ट्रेट लिहिलंय, दुसऱ्याला प्रोकम्बंट, तिसऱ्याला डिकम्बंट, चौथ्याला क्रीपिंग, आणि मराठीत बघावं तर सगळीकडे 'जमिनीवर पसरणारी वनस्पती' एवढंच. मग हे चार शब्द खरंच वेगळे आहेत का, की नुसता पुस्तकी थाट आहे? आणि डॉक्टर लोक पेशंटला प्रोन, सुपाईन म्हणतात त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

वेगळे आहेत, आणि फरक कामाचा आहे. मी गेली बरीच वर्षं पोरांना फील्डवर झाडं ओळखायला शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, कारण यावर दोन ओळीत उत्तर दिलं की लोक पाठ करतात आणि शेतात गेल्यावर परत गोंधळतात.

सगळ्यात आधी शब्द बाजूला ठेवा आणि झाडाजवळ खाली बसा. आडव्या झाडाबद्दल तीन गोष्टी बघायच्या असतात. खोडाला पेरापेराशी, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीगाठीशी, मुळं फुटलीत का, शेंडा जमिनीलाच चिकटून चाललाय का उचललाय, आणि सगळ्या फांद्या एकाच जागेवरून निघतायत का. या तिन्हींची उत्तरं मिळाली की शब्द आपोआप ठरतो.

सराट्यापासून सुरुवात करू, म्हणजे गोखरू, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, ज्याच्या काट्यांनी सायकलची टायरं पंक्चर होतात तोच. माळावर किंवा रस्त्याच्या कडेला एखादं चांगलं वाढलेलं रोप बघा, मधे एक जागा असते आणि तिथून चारी बाजूंना फांद्या निघून जमिनीला चपटून पसरलेल्या असतात. आता एका फांदीचं टोक धरून हळूच उचला (काटे सांभाळून), ती सहज उचलली जाते, कुठेही अडकत नाही, खाली एकही मूळ नाही. तशीच सगळी फांदी उचलत मध्यापर्यंत या, तिथे एकच सोटमूळ खाली गेलेलं सापडेल. याला प्रोस्ट्रेट म्हणायचं, किंवा प्रोकम्बंट. दोन्हींचा अर्थ जमिनीवर आडवं पडलेलं, पेरांना मुळं न फुटणारं. बरीच पुस्तकं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, काही लेखक प्रोस्ट्रेट हा शब्द ढोबळ ठेवतात, म्हणजे 'जमिनीला चिकटून' एवढंच, मुळं असोत नसोत, आणि प्रोकम्बंट मात्र मुळं नसतील तेव्हाच. तुम्ही पाट्या लिहिताना या दोघांत डोकं घालू नका, दोन्हीला एकच मराठी शब्द चालेल.

पुनर्नवा म्हणजे घेटुळी, तीही याच गटात. जाड मूळ खाली, वर फांद्या लांबलांब पसरलेल्या, समोरासमोरच्या दोन पानांतलं एक मोठं एक लहान. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि पावसाबरोबर त्याच मुळातून नवं फुटतं. तिच्या शास्त्रीय नावात डिफ्यूझा आहे, बोरहाविया डिफ्यूझा, डिफ्यूझ म्हणजे सैल, विखुरलेलं, कशाही दिशेने पसरलेलं. भुईरिंगणी पण इथलीच, काट्यांची गोधडी अंथरल्यासारखी दिसते. पण इथे एक सांगून ठेवतो, नावात 'भुई' आहे म्हणून झाड आडवं असेलच असं समजू नका. भुईआवळी सरळ उभी असते, फक्त बुटकी. भुईचाफ्याचं फूल पानांआधी थेट जमिनीतून वर येतं म्हणून तो भुईचाफा. 'भुई' म्हणजे जमिनीलगतचं, एवढंच धरायचं.

आता केना घ्या. शेतकऱ्याला केना सांगावा लागत नाही, निळं फूल, मऊ रसरशीत खोड, खरीपात कुठल्याही पिकात असतो. त्याची फांदी उचलायला गेलात तर ती पेरापेराशी अडते आणि तट् तट् करत मुळं तुटल्याचं बोटांना कळतं. हा क्रीपिंग, लॅटिनमध्ये रेपेन्स. जिथे पेर जमिनीला टेकलं तिथे मूळ फुटलं, आणि मूळ फुटलं की तो तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला मोकळा. म्हणून खुरपलेला केना बांधावर टाकला आणि दोन दिवस पावसाची झड लागली तर तो तिथेच परत धरतो. केन्याची अजून एक गंमत म्हणजे त्याला जमिनीखालीही फुलं येतात, न उमलणारी, आणि त्यात बी धरतं, तेव्हा नुसतं वरचं काढून भागत नाही.

हरळी, म्हणजे दूर्वा, याच जातकुळीतली, आणि जास्त चिवट. ती जमिनीवरून आडवं धावणारं खोड सोडते आणि जमिनीखालूनही सोडते. वरच्याला स्टोलॉन, खालच्याला र्‍हायझोम. नांगराने तुकडे केले की प्रत्येक पेराचं नवीन झाड. सराट्याला मधल्या मुळाशी विळा घातला की सगळा पसारा एका झटक्यात हातात येतो, हरळीला 'मधे' अशी जागाच नसते. प्रोकम्बंट आणि क्रीपिंग या दोन शब्दांतला फरक खुरप्याच्या दृष्टीने हाच आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण तण काढायचं, रोपं करायची, धूप थांबवायची, सगळं या एका प्रश्नावर ठरतं की पेराला मूळ फुटतं का नाही.

धूप म्हटलं की कोकणातली मर्यादवेल आठवते. आयपोमिया पेस-काप्री, पान शेळीच्या खुरासारखं मधे दुभंगलेलं, जांभळट गुलाबी फुलं. भरतीची रेघ जिथे संपते तिथून वरच्या वाळूवर तिच्या वेली कित्येक मीटर गेलेल्या असतात आणि पेरापेराला वाळूत मुळं उतरलेली. वारा वाळू उडवतो, वेल थोडी गाडली जाते, गाडलेल्या भागाला अजून मुळं फुटतात, वरचा भाग पुढे सरकतो. किनारा सपाट करताना हौशीने ती काढून टाकलेली बघितली की जीव तुटतो, कारण ती वाळू धरून ठेवायचं काम फुकटात करत होती.

मंडूकपर्णी म्हणजे ज्याला बरेच लोक ब्राह्मी म्हणतात ती, आणि पाणथळ जागी येणारी जलब्राह्मी, बॅकोपा, दोन्ही क्रीपिंग. मात्र ढंग वेगळा. मंडूकपर्णीत एक बारीक दोरीसारखं खोड पुढे जातं, मग एक पेर, तिथे पानांचा झुबका आणि खाली मुळं, मग परत दोरी. शाळेच्या पुस्तकात 'धावते खोड' असं ज्याला म्हटलंय ते हेच. जलब्राह्मीचं खोड मांसल, पानं सगळ्या खोडावर, मुळं खालच्या पेरांना आणि शेंडे वर उचललेले.

आणि शेंडे वर उचललेले म्हटलं की तिसरा शब्द आला, डिकम्बंट. बुडखा आडवा पडलेला, पुढचं टोक मान वर काढून उभं. यात फसगत फार होते, कारण लोक टोकाकडे बघून 'उभं झाड' लिहितात किंवा बुडख्याकडे बघून 'आडवं'. त्याच्याही पुढचा शब्द असेंडिंग, म्हणजे बुडापासूनच तिरपं निघून वळत वर जाणारं, जमिनीवर फारसं पडलेलंच नाही. शंखपुष्पी, निळ्या फुलांची विष्णुक्रांता, माळावर बघा, काही फांद्या अगदी जमिनीवर आणि काही तिरप्या वर आलेल्या, एकाच झाडात.

आता तुम्हाला ज्याने सगळ्यात जास्त घोळ झाला असणार त्या झाडाकडे येतो, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, आपली एकदांडी किंवा दगडी पाला, जखमेवर चोळतात ती. नावातच प्रोकम्बेन्स. पण रस्त्याकडेची एकदांडी बघितली तर बुडखा आडवा, शेंडे उचललेले, फूल तर लांब दांड्यावर ताठ उभं, आणि खालच्या पेरांना कधीकधी मुळंही असतात. आजच्या व्याख्येने तिला डिकम्बंट म्हणणं जास्त बरोबर. मग नाव चुकीचं का? नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दिलंय, झाड मूळचं अमेरिकेतल्या उष्ण भागातलं. आणि नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमात स्पष्ट आहे की रीतसर दिलेलं नाव केवळ अर्थाने जुळत नाही म्हणून बदलता येत नाही. सिला पेरुव्हियाना नावाचा एक कंद आहे, तो पेरू देशातला नाहीच, भूमध्य समुद्राकडचा आहे, तरी नाव तेच चालू. तेव्हा प्रोकम्बेन्स, रेपेन्स, प्रोस्ट्रेटा हे नावात दिसले तर तो फक्त एक इशारा समजा, पाटीवरचं वर्णन स्वतः डोळ्यांनी बघूनच लिहा.

तेही एकदाच बघून नाही. हीच एकदांडी दाट गवतात वाढली तर उजेडासाठी उंच उचलते, पायवाटेवर वाढली तर चपटी होते. चरणारी जनावरं, पायाखाली तुडवणं, वारा, उघडी कातळाची जमीन, याने झाडाचा बाज बदलतो. काही जातींत आडवं राहणं त्यांच्या रक्तातच असतं, चांगल्या मातीत सावलीत कुठेही लावा त्या आडव्याच राहणार, आणि काहींत ते परिस्थितीने आलेलं असतं. ओळखायचा साधा उपाय म्हणजे तेच झाड दोन वेगळ्या जागी बघायचं. कासच्या किंवा कोकणातल्या सड्यावरचं एखादं बुटकं चपटं झाड खाली दरीत आडोशाला गुडघाभर उभं सापडलं तर समजा की ते वाऱ्यामुळे आणि उथळ मातीमुळे तसं झालंय.

रक्तात असतं म्हणालो त्याचा एक फार छान पुरावा भातात मिळालाय. रानटी भाताचे फुटवे फाकून जवळजवळ जमिनीवर पसरतात, आपण पेरतो त्या भाताचे फुटवे सरळ उभे. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे आहे असं २००८ मध्ये चीनमधल्या दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, त्याचं नावच प्रॉग१, 'प्रोस्ट्रेट ग्रोथ' वरून. माणसाने पिढ्यानपिढ्या उभी रोपं निवडली, कारण उभी रोपं एकाला एक लागून जास्त बसतात आणि कापायला सोपी. भातातच लेझी नावाचं दुसरं एक जनुक आहे, ते बिघडलं की फुटव्यांना खाली कुठे वर कुठे हेच नीट कळत नाही आणि सगळं रोप फाकून पसरतं. म्हणजे आडवं वाढणारं झाड अशक्त आहे म्हणून पडलंय असं नाही, त्याची फांदी गुरुत्वाकर्षणाशी कुठला कोन ठेवायचा हे ठरवून वाढत असते.

आणि जे खरंच पडलंय त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहेच, लोळणं. वादळी पावसाने गहू लोळला, भात आडवा झाला, ऊस पडला. याला इंग्रजीत लॉजिंग म्हणतात आणि ते झाडाच्या वाढीच्या सवयीचं वर्णन नाही, तो अपघात आहे. पण लोळलेल्या भाताकडे तीन-चार दिवसांनी परत जा आणि एक काडी हातात घ्या. जमिनीला टेकलेलं कांडं तसंच आडवं आहे, पण पुढच्या पेराशी काडी कोपरासारखी वाकून वर वळलेली दिसेल. त्या पेराची खालची बाजू जास्त वाढते, वरची कमी, म्हणून ते वळतं, कांडं स्वतः वाकत नाही. पीक कोवळं असेल तर हे होतं, पिकायला आलेलं असेल तर नाही. पडलेल्या उसाचंही तसंच, शेंडा वर, आणि ओल असेल तर टेकलेल्या पेरांना मुळं. आता याचं वर्णन लिहायला घेतलं तर बुडखा आडवा, शेंडा वर, पेरांना मुळं, म्हणजे हुबेहूब डिकम्बंट. बऱ्याच गवतांत हाच प्रकार नेहमीचा होऊन बसलाय, सिग्नल गवताच्या नावात तर डिकम्बेन्स आहेच. तेव्हा गवतांचं वर्णन करताना वादळानंतरच्या आठवड्यात जाऊन लिहू नका.

मराठीत शब्द नाहीत ही तक्रार मला मात्र मान्य नाही. ज्याला गरज होती त्याने शब्द केलेत. भुईमुगाच्या जाती विचारा कुठल्याही शेतकऱ्याला, उपट्या, निमपसऱ्या, पसऱ्या. एसबी ११, टीएजी २४, फुले प्रगती या उपट्या, आणि जुनी कराड ४-११ ही पसरी. उपट्याच्या शेंगा बुडाशी घोसाने लागतात, ओल असताना झाड धरून उपटलं की शेंगांसकट वर. पसऱ्याच्या फांद्या जमिनीवर लांब जातात, प्रत्येक फांदीवरून आऱ्या (फुलानंतर मातीत शिरून टोकाला शेंग धरणारे देठ) खाली उतरतात, शेंगा लांबपर्यंत विखुरलेल्या, उपटून जमत नाही, खणावं लागतं आणि तरी काही शेंगा मातीत राहतातच. पसऱ्याला अंतर जास्त लागतं, दिवस जास्त लागतात, पण त्याच्या दाण्याला सुप्तावस्था असते, काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेतातच कोंब फुटत नाहीत, उपट्याला ती भीती असते. तीन शब्दांत केवढी माहिती आली बघा, लागण किती अंतरावर, काढणी कशी, नुकसान कुठे.

आता शरीराकडे. होय, संबंध आहे, आणि जवळचा आहे. लॅटिनमध्ये आडवं होण्याचं जे क्रियापद आहे त्याला पुढे, खाली, मागे असे उपसर्ग लावून हे शब्द झालेत. प्रोकम्बंट म्हणजे पुढे आडवा, डिकम्बंट म्हणजे खाली आडवा, रिकम्बंट म्हणजे मागे रेलून आडवा. त्याच घरातला डेक्युबिटस, जो डॉक्टर कुशीवर झोपवलेल्या पेशंटबद्दल म्हणतात, लॅटरल डेक्युबिटस, आणि अंथरुणाला खिळून पाठीला जखमा होतात त्यांना डेक्युबिटस अल्सर. प्रोस्ट्रेट हा वेगळ्या घरातला, 'समोर पसरलेला'. त्याचा धातू आणि संस्कृतातला स्तृ, ज्यावरून विस्तार, स्तर, प्रस्तर हे शब्द आले, हे मुळात एकच. तसंच रांगण्यासाठीचं लॅटिन सर्पेरे आणि संस्कृत सर्पति हेही एकच, सर्प आणि सर्पंट सख्खे नातलग. युफोर्बिया सर्पेन्स नावाची एक चपटी दुधी (भोपळा नव्हे, तण) आहे, तिच्या नावात हाच.

एक सूचना, कारण पाट्यांवर मी हे खरोखर बघितलंय. प्रोस्ट्रेट आणि प्रोस्टेट यात एका 'र'चा फरक आहे. प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी, तो शब्द ग्रीक आणि त्याचा अर्थ 'समोर उभा असलेला', म्हणजे अगदी उलटा. बोर्ड पेंटरला देण्याआधी प्रूफ वाचा.

प्रोन म्हणजे पालथा, सुपाईन म्हणजे उताणा. वनस्पतीच्या वर्णनात प्रोन सहसा दिसणार नाही, कारण त्याला तोंड आणि पाठ लागते आणि खोडाला ती नसते. हाताला असते. तळहात वर केला, ओंजळ धरतो तसा, की सुपिनेशन, पालथा केला की प्रोनेशन, आणि मराठीतही आपण हात उताणा, हात पालथा असंच म्हणतो. सुपाईनचा वनस्पतींतला खरा उपयोग रिसुपिनेट या शब्दात आहे. बहुतेक ऑर्किडच्या, म्हणजे आमरींच्या, कळीचा देठ उमलताना पीळ घेतो आणि फूल १८० अंशात फिरतं, त्यामुळे जी ओठासारखी पाकळी मुळात वर असायला हवी ती खाली येते आणि कीटकाला उतरायला जागा होते. पावसाळ्यात सह्याद्रीत पांढऱ्या हबेनारिया दिसतात त्यांची एखादी कळी आणि एखादं फूल शेजारी ठेवून देठ बघा, फुलाच्या देठावर पीळ स्पष्ट दिसतो.

प्रोन हा शब्द आपल्या घराघरात पोचला तो कोविडच्या दुसऱ्या लाटेत. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या पेशंटसाठी सूचना काढली की ऑक्सिजन ९४ च्या खाली जात असेल तर पालथं झोपा, उशा कुठे ठेवायच्या तेही चित्रांसकट. यामागे आयसीयूमधला जुना अनुभव होता. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत फुफ्फुसं गंभीर निकामी झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना सलग निदान १६ तास पालथं ठेवलं तेव्हा २८ दिवसांतला मृत्यूदर सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो, उताणं झोपल्यावर त्यावर हृदयाचा आणि वरच्या भागाचा भार येतो, पालथं केलं की तो मोकळा होतो. तान्ह्या बाळाचं मात्र उलट, त्याला झोपवताना पालथं झोपवू नका असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ पासून सांगितलंय, झोपेतल्या अचानक मृत्यूंच्या भीतीने. तेव्हा प्रोन नि सुपाईन यांची अदलाबदल झाली तर तो शब्दांचा बारीक वाद राहत नाही. इंग्रजी बातम्यांतसुद्धा कुठलाही आडवा पडलेला माणूस 'प्रोन' लिहिला जातो, तो उताणा असला तरी, ते चूक आहे.

खेळात हा शब्द ऐकायचा तर नेमबाजी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, त्या तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं. पालथ्या पोझिशनला इंग्रजीत प्रोनच म्हणतात, प्रोस्ट्रेट म्हणत नाहीत. माणसाबद्दल प्रोस्ट्रेट म्हटलं की त्यात शरणागती किंवा गळून जाणं येतं. आपला साष्टांग नमस्कार दोन्ही आहे, शरीर पालथं म्हणून प्रोन, आणि भाव शरणागतीचा म्हणून प्रोस्ट्रेट. लोटांगण मात्र वेगळं, त्यात माणूस गडगडत पुढे सरकतो, तेव्हा इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द घालून चालत नाही.

परत पाट्यांकडे येतो. अजून एक अडचण सांगायची राहिली, जी हर्बेरियममध्ये काम करणाऱ्यालाच कळते. झाड दाबून, वाळवून कागदावर चिकटवलं की सगळीच झाडं आडवी होतात. ताठ उभं तरवाडही आणि चपटा सराटाही. शीटवरून खोड जमिनीवर पडलं होतं का उचललं होतं हे ओळखणं जवळजवळ अशक्य, पेरांना मुळं चिकटलेली असली तरच काही कळतं, आणि गोळा करणाऱ्याने घाईत फांदी वरून खुडून आणली असेल तर तेही नाही. म्हणून झाड जागेवर असताना वहीत लिहायचं, फोटो काढायचा तर वरून नको, जमिनीला कॅमेरा टेकवून बाजूने काढायचा. वरून काढलेल्या फोटोत उंची हरवते.

मी स्वतः विद्यार्थ्यांना चार मराठी शब्द वापरायला लावतो, हे काही सरकारी परिभाषेतले नाहीत, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतात. प्रोस्ट्रेट आणि प्रोकम्बंटला भुईपसरी. क्रीपिंगला रांगती, आणि पुढे 'पेरांना मुळं' हे दोन शब्द जोडायचेच. डिकम्बंटला बूड आडवं, शेंडा उभा, असं सरळ वाक्यच लिहायचं, एकच शब्द शोधायच्या नादी लागू नका. काकडी, कलिंगड, भोपळा यांना पसरत्या वेली, कारण आधार मिळाला तर त्या तणाव्यांनी धरून वर चढतात, नाही मिळाला तर जमिनीवर जातात. चिगळ आणि घोळ शेजारी असतील तर दोन्हींना एकच शब्द लावू नका, चिगळीच्या पेरांना मुळं सुटतात, घोळीच्या फांद्या बहुतेक वेळा मोकळ्या असतात. दोन्ही उचलून बघा, भाजीला न्यायच्या आधी.

आणि तुमच्या बागेत वेडेलिया असेलच, ती पिवळ्या फुलांची, रस्त्याच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या उतारावर लावतात ती. तिच्या पाटीवर 'रांगती, पेरांना मुळं' याच्याखाली एक ओळ जास्त टाका. ती जगातल्या सगळ्यात त्रासदायक अशा १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे आणि तिचा बोटभर तुकडाही ओल मिळाली की धरतो, त्यामुळे माळ्याला सांगा की छाटलेलं ओढ्याकडेला किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात ओलं टाकायचं नाही, फरशीवर उन्हात कडक वाळवूनच टाकायचं.